पावसानंतरची मोजणी : आपल्या नगरपरिषदेचे काम कसे तपासावे

मंगळवेढ्याला पाहुणा आला की आपण त्याला आधी दामाजीपंतांच्या मंदिरात नेतो आणि दुष्काळाची कथा सांगतो. दामाजींनी बादशहाचे कोठार उपाशी माणसांसाठी उघडले, बेदरहून त्यांना पकडायला शिपाई आले आणि त्याआधीच विठ्ठल विठू महाराच्या रूपाने दरबारात जाऊन धान्याचे पैसे भरून आला. या कथेतला एक बारकावा मला नेहमी थांबवतो. विठू महार पैसे भरून तसाच परत येत नाही, तो पावती घेतो. उपाशी माणसाला धान्य देणे हे पुण्य खरेच, पण कोठार सार्वजनिक होते, म्हणून त्याचा हिशेबही लेखी मिटला पाहिजे, हे आपल्या गावच्या कथेने कधीच सांगून ठेवले आहे.

दुसरी कथा चोखोबांची. मंगळवेढ्याच्या गावकुसाच्या भिंतीचे काम चालू होते, आणि त्या कामावर वेठीने लावलेल्या मजुरांत चोखामेळा होते. 1338 साली ती भिंत कोसळली आणि चोखोबा बाकीच्या मजुरांबरोबर तिच्याखाली गाडले गेले. नामदेवांनी येऊन त्यांच्या अस्थी शोधल्या आणि पंढरपुरात महाद्वाराशी त्यांची समाधी बांधली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेही. पण ती एका सार्वजनिक बांधकामाचीही कथा आहे. ज्यांना त्या गावकुसाच्या आत राहायची परवानगी नव्हती, तेच त्याच्या भिंतीखाली मेले. आणि हे फक्त सातशे वर्षांपूर्वीचे नाही. 14 ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून तिच्या आडोशाला उभी असलेली सहा माणसे गेली. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीस किलोमीटरवर आहे.

म्हणून नगरपरिषदेचे काम तपासणे हा रिकामपणचा उद्योग नाही. राज्यातल्या नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2025 मध्ये झाल्या आणि दीर्घ काळानंतर लोकनियुक्त सभागृहे पुन्हा बसली. पाच वर्षांनी पुन्हा प्रचार होईल, पुन्हा कामांच्या याद्या छापल्या जातील. ती यादी खरी की खोटी हे तेव्हा शोधायला बसलात तर उशीर झालेला असेल. वही आज घालावी लागते. कशी घालायची, त्यात काय लिहायचे आणि कशाला किती महत्त्व द्यायचे, ते इथे सांगतो. उदाहरण मंगळवेढ्याचे घेतो, पण सांगोला, अक्कलकोट, करमाळा, कुर्डुवाडी, कुठेही हीच रीत चालेल.

पहिली गोष्ट, कोणाचा हिशेब करतो आहोत ते पक्के करा. 2016 च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुतेक नगरपरिषदांची मुदत 2021 अखेर किंवा 2022 च्या सुरुवातीला संपली. त्यानंतर जवळपास चार वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात ठरावही प्रशासकाचा आणि अंमलबजावणीही त्याचीच. नगरसेवक नव्हते, सभेत प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. तेव्हा वहीत तीन वेगळी पाने करा : जुन्या सभागृहाचा काळ, प्रशासकाचा काळ आणि आताच्या सभागृहाचा काळ. एखाद्या रस्त्याला मंजुरी एका काळात, निविदा दुसऱ्यात आणि उद्घाटन तिसऱ्यात, असे नेहमी होते. श्रेय आणि दोष दोन्ही योग्य पानावर जायला हवेत. नव्या नगराध्यक्षाच्या नावावर जुना खड्डा टाकणे अन्यायाचे आहे, आणि जुन्या मंजुरीचा नारळ आपला म्हणून फोडणेही तितकेच अन्यायाचे आहे.

त्याच्या जोडीने, काम कोणाच्या अखत्यारीतले तेही बघावे. मंगळवेढ्याजवळून रत्नागिरी–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग, क्रमांक 166, जातो. त्याचा खड्डा नगरपरिषदेच्या खात्यात लिहिता येत नाही. शहरातले काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे असू शकतात. वीजवाहिन्या महावितरणच्या असतात, पण पथदिव्यांची देखभाल नगरपरिषदेची असते. मोठ्या पाणीयोजनांचे बांधकाम अनेकदा महाराष्ट्र जीवन प्राधिकरण करते आणि मग योजना नगरपरिषदेकडे सोपवते. बसवेश्वर आणि चोखोबांच्या स्मारकांची चर्चा गावात वर्षानुवर्षे चालू आहे, पण तो मुख्यतः राज्य शासनाच्या निर्णयाचा आणि निधीचा विषय. स्मारक झाले नाही म्हणून नगरपरिषदेला नापास करू नका, आणि उद्या झाले म्हणून तिला पासही करू नका. नगरपरिषदेची बंधनकारक कामे कोणती ते महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 मध्ये लिहिलेले आहे : पाणी, सफाई, गटारे, रस्ते, दिवे, स्मशान, जन्ममृत्यूची नोंद. आधी या अनिवार्य कर्तव्यांवर गुण द्या. कारंजे, कमान आणि सेल्फीची जागा नंतर बघू.

आता आपल्या मातीबद्दल. मंगळवेढ्याच्या शिवारातली खोल काळी जमीन म्हणजे ज्वारीचे कोठार. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस ती पोटात धरून ठेवते आणि त्याच ओलीवर मालदांडी ज्वारी थंडीभर उभी राहते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते या मातीच्या जोरावर. पण जी माती ज्वारीला जीव लावते, तीच रस्त्याचा जीव घेते. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट डांबर किंवा काँक्रीट ओतले तर खालची जमीन वर्षातून दोनदा हलते आणि वरचा थर तडकतो. पाण्याच्या नळीचे जोड त्याच हालचालीने उघडतात. म्हणून या भागात रस्ता चांगला की वाईट ते वरच्या गुळगुळीतपणावरून ठरत नाही. काळी माती किती खोल उकरून काढली, तिच्या जागी मुरूम आणि खडी किती भरली, रोलर किती फिरला आणि मुख्य म्हणजे पावसाचे पाणी रस्त्याच्या पोटात जाणार नाही यासाठी कडेला गटार केले की नाही, यावरून ते ठरते. मी तर स्पष्ट म्हणेन : काळ्या रानातला गटाराशिवायचा रस्ता अर्धवट काम आहे, मग त्याची फीत कोणीही कापलेली असो.

याचा व्यवहारी अर्थ असा, की आपल्याकडे कामाची मोजणी पावसाळ्याच्या दोन बाजूंना करायची. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला आहे, पाऊस एकूण कमी पडतो, पण त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात येतो. मे महिन्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा, त्याच जागी, त्याच कोनातून, तारखेसह फोटो काढा. एका गल्लीचे दोन वर्षांतले चार फोटो शेजारी ठेवले की भाषणाची गरज राहत नाही. मे महिन्यात उद्घाटन झालेला रस्ता जूनमध्ये सगळेच बघतात. तिसऱ्या ऑक्टोबरात तो कसा दिसतो, ते कोणी नोंदवून ठेवत नाही. ते तुम्ही ठेवा.

काँक्रीटचे काम चालू असताना मात्र पाऊस येईपर्यंत थांबू नका. सामान्य माणसाला तपासता येईल अशी एक गोष्ट आहे : पाणी मारणे. काँक्रीट ओतल्यानंतर ते किमान सात दिवस ओले राहायला हवे, आपल्या उन्हात तर चौदा दिवस राहिले तर उत्तम. आळी करून पाणी साठवलेले आहे का, ओली गोणपाटे टाकली आहेत का, रोज सकाळी चालायला गेलात की बघा. कोरडे पांढरे पडलेले नवे काँक्रीट दिसले तर त्याच दिवशी फोटो काढून मुख्याधिकाऱ्यांना लेखी कळवा. दुसरी पाहणी रस्ता ओतण्याआधीची. पाण्याची नळी, गटाराचा आडवा पाइप, केबलची जागा आधी टाकली का? नसेल तर सहा महिन्यांत तोच रस्ता फोडला जाणार, हे तुम्हाला आजच माहीत आहे. मग ते आजच विचारा.

मोजणी कुठून सुरू करायची? बहुतेक जण दामाजी मंदिराच्या परिसरातून किंवा बाजारपेठेतून सुरुवात करतात, कारण तिथे काम सर्वात आधी होते आणि सर्वात आधी दिसते. मी सुचवतो, उलटे चाला. ज्या वस्तीत सफाई कामगार राहतात, जिथे पालात किंवा पत्र्यात माणसे राहतात, जिथे गावाची नळयोजना संपते, तिथून सुरुवात करा आणि मध्यावर या. चोखोबांच्या गावात राहणाऱ्याने गावकुसाबाहेरून मोजणी सुरू करावी, याला वेगळे कारण द्यायला नको. आणि हा फक्त न्यायाचा प्रश्न नाही, तपासणीचीही हीच खरी पद्धत आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला दाब पुरत असेल तर मधल्या सगळ्यांना पुरतोच. शेवटच्या गल्लीत घंटागाडी येत असेल तर ती सगळीकडे येते. टोक बघितले की मधले बरेच काही न बघताच कळते.

पाण्यावर थोडे जास्त बोलतो, कारण मंगळवेढा तालुक्याच्या राजकारणाचा अर्धा भाग पाण्याचाच आहे. शहराची तहान भीमेच्या पाण्यावर आणि उजनीतून सुटणाऱ्या आवर्तनांवर अवलंबून. उजनी उशाशी असून सोलापूरसारख्या मोठ्या शहराने वर्षानुवर्षे चार-पाच दिवसांआड पाणी पाहिले आहे, तेव्हा धरणात पाणी असणे आणि नळाला पाणी येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधल्या भागाला कारभार म्हणतात. तो मोजायला बादली आणि घड्याळ पुरे. पंधरा लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते बघा. केंद्र सरकारच्या मानकाप्रमाणे भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दिवसाला 135 लिटर आणि नसलेल्या शहरात 70 लिटर पाणी मिळायला हवे. पाच माणसांच्या घराला 70 च्या हिशेबाने रोज 350 लिटर, म्हणजे दिवसाआड पाणी असेल तर एका पाळीत 700 लिटर. बादली मिनिटाला भरत असेल तर त्या घराला सुमारे पंचेचाळीस मिनिटे नळ चालू हवा. तुमच्याकडे किती वेळ चालतो? दहा घरांत ही मोजणी करा, पाच घरे टाकीजवळची आणि पाच टोकाची. दोन्हींतला फरक म्हणजे वितरणातला दोष. तो अपुऱ्या पाण्याच्या माथी मारता येत नाही.

पाणी किती येते याइतकेच ते कसे येते हे महत्त्वाचे. टोकाच्या नळाला क्लोरीनचा अंश लिटरला 0.2 मिलिग्रॅम तरी उरायला हवा. त्याची चाचणी सोपी आहे : नळीत पाणी घ्यायचे, औषधाचे थेंब टाकायचे आणि पिवळा रंग आला की नाही ते बघायचे. ती नगरपरिषदेचे कर्मचारी करतात आणि तिची नोंदवही असते. ती वही बघायला मागा. नोंदी फक्त टाकीजवळच्या नळांच्या असतील तर टोकाच्या का नाहीत, हे विचारा. पाण्याची नळी गटारातून जाते का तेही डोळ्यांनी बघा. पाळी संपली की रिकामी नळी बाहेरचे पाणी आत ओढते, आणि लोकांनी थेट नळाला मोटार लावली की हे ओढणे आणखी वाढते. इथे दोष नगरपरिषदेचा आणि आपलाही. तपासणीच्या कागदावर तो दोन्ही ठिकाणी लिहावा.

कचरा, दिवे, गटारे यांची मोजणी तुलनेने सोपी, लांबवत नाही. घंटागाडी आठवड्यात किती दिवस आली ते दाराआडच्या कॅलेंडरवर टिंब करून ठेवा. घरात वेगळा केलेला ओला आणि सुका कचरा गाडीत पुन्हा एकत्र होतो का, ते गाडीच्या मागे जाऊन बघा. 2016 च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण बंधनकारक केले होते, पण त्याचा निकाल कचरा डेपोवर लागतो, दारात नाही. दिवे रात्री दहानंतर मोजा, बंद खांबांचे क्रमांक लिहा आणि तक्रार दिल्यापासून दिवा लागेपर्यंतचे दिवस मोजा. गटाराची सफाई मे महिन्यात झाली की जूनच्या पहिल्या पावसात, हे एवढे तपासले तरी पुष्कळ कळते.

एक पाहणी मात्र कोणत्याही अहवालात क्वचितच सापडते, म्हणून आग्रहाने सांगतो. आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी बाजारात बसलेल्या भाजीवाल्या बायकांना विचारा, मावशी, बाथरूमला कुठे जाता? खेड्यातून पहाटे निघून संध्याकाळपर्यंत बसणारी बाई दिवसभर पाणी पीत नसेल, तर त्या शहराने स्वच्छतेचे कितीही तारे मिळवलेले असोत, तुमच्या वहीत या रकान्यात शून्य लिहा. मुतारी बांधलेली असणे पुरत नाही. तिला कडी आहे का, आत पाणी आहे का, दिवा आहे का आणि ती उघडी असते का, हे चार प्रश्न विचारावेत.

हे झाले पायांनी करायचे काम. आता कागदांचे.

नगरपरिषदेकडे पैसा तीन वाटांनी येतो. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे हे तिचे स्वतःचे उत्पन्न. दुसरे राज्याचे सहायक अनुदान, ज्यातून मुख्यतः पगार भागतात. जकात 1999 मध्ये बंद झाल्यापासून लहान शहरे याच अनुदानाच्या आधारावर उभी आहेत. आणि तिसरी वाट योजनांची : केंद्रीय वित्त आयोग, नगरोत्थान, अण्णाभाऊ साठे यांच्या नावाची नागरी वस्ती सुधारणा योजना, वैशिष्ट्यपूर्ण कामांचा निधी, अमृत, स्वच्छ भारत. पंधराव्या वित्त आयोगाने लहान शहरांना 2021 ते 2026 या काळात दिलेल्या निधीपैकी 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता, उरलेला 40 टक्के स्थानिक गरजेनुसार वापरायला मोकळा होता. बांधलेल्या पैशातून काय झाले आणि मोकळ्या पैशातून काय निवडले गेले, हे वेगवेगळे बघा. मोकळा पैसा कुठे गेला यातून सभागृहाचे मन कळते. पाण्याची नळी फुटकी असताना तो कमानीवर गेला असेल, तर त्याची नोंद ठळक करा.

प्रत्येक कामाचा कागदी प्रवास ठरलेला असतो : अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका, देयके, पूर्णत्वाचा दाखला. त्यात तीन कागद खरे बोलतात. अंदाजपत्रकात किती मुरूम, किती जाडी, किती लांबी असायला हवी ते असते. मोजमाप पुस्तिकेत, जिला सगळे एम.बी. म्हणतात, अभियंत्याने प्रत्यक्ष किती मोजले ते असते. आणि करारात दोषदायित्वाचा काळ लिहिलेला असतो, म्हणजे काम बिघडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने किती वर्षे दुरुस्त करायचे ते. हा काळ बहुतेक नागरिकांना माहीतच नसतो. परिणामी दीड वर्षात उखडलेला रस्ता ठेकेदाराच्या खर्चाने होण्याऐवजी पुन्हा आपल्याच पैशातून होतो. तुमच्या गल्लीतल्या प्रत्येक नव्या कामाच्या दोषदायित्वाची शेवटची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्याच्या दोन महिने आधी पाहणी करून लेखी तक्रार द्या. या सबंध लेखातून एकच गोष्ट करणार असाल, तर ही करा.

हे कागद मिळतात कसे? माहिती अधिकार कायदा 2005 चा आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, ते कोर्ट फी स्टॅम्पनेही भरता येतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला फी नाही. छायाप्रतीला पानामागे दोन रुपये. उत्तराची मुदत तीस दिवस. न मिळाल्यास किंवा अपुरे मिळाल्यास तीस दिवसांत पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे, त्यानंतर नव्वद दिवसांत दुसरे अपील राज्य माहिती आयोगाकडे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि शब्द दीडशेच्या आत, ही अट लक्षात ठेवा, नाहीतर अर्ज तेवढ्याच कारणाने अडतो. अर्ज साधारण असा असावा :

“प्रभाग क्रमांक अमुक मधील, अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतच्या काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या छायाप्रती मिळाव्यात : मंजूर अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेल्या देयकांच्या प्रती, काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल, दोषदायित्व कालावधी नमूद असलेले करारातील पान.”

एवढे पुरे. “का केले नाही”, “कोण जबाबदार” असे प्रश्न घालू नका. हा कायदा कागद देतो, खुलासे देत नाही. आणि अर्ज करण्याआधी एक सोपी वाट वापरून बघा. राज्य शासनाने 2018 मध्ये आदेश काढून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत कार्यालयांतले अभिलेख नागरिकांना पाहण्यासाठी खुले ठेवायला सांगितले आहे, त्यात स्थानिक स्वराज्य संस्थाही येतात. शांतपणे जा, नमस्कार करा, काम आणि वर्ष सांगून फाइल बघायला मागा. नगरपरिषदेच्या लिपिकावर आवाज चढवून आजवर कोणाला एम.बी. सापडलेली नाही. त्या टेबलावर एकाच माणसाकडे चार विभाग असतात, हेही ध्यानात ठेवा.

फाइल मिळाली की टेप घेऊन रस्त्यावर या. अंदाजपत्रकात शंभर मीटर लिहिले असेल तर शंभर मीटर मोजा. गावातला एखादा निवृत्त अभियंता, शाखा अभियंता म्हणून नोकरी करून आलेला, बरोबर घ्या. प्रत्येक तालुक्याच्या गावात असा एक तरी माणूस असतो आणि त्याला कोणी विचारत नाही म्हणून तो गप्प असतो. राजस्थानात पाली जिल्ह्यात, कोटकिराना या गावी, डिसेंबर 1994 मध्ये मजदूर किसान शक्ती संघटनेने सरकारी कामांची हजेरीपत्रके आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली. कोणाच्या नावावर मजुरी निघाली आणि तो माणूस कामावर होता की नव्हता, हे ऐकणाऱ्यांनीच सांगितले. कागद आणि माणसे एकत्र आणली की तपासणी आपोआप होते, हे त्या सभांनी दाखवले. माहिती अधिकाराचा देशव्यापी कायदा पुढे त्याच चळवळीच्या रेट्याने आला.

पण फक्त कामे मोजून भागत नाही, लोकांना काय अनुभव येतो तेही विचारावे लागते. बंगळूरमध्ये 1993 साली सॅम्युएल पॉल यांनी शहरातल्या घरांना सरळ प्रश्न विचारले : पाणी, वीज, कचरा, दवाखाना या सेवांबद्दल समाधानी आहात का, तक्रार केली तर काम झाले का, कामासाठी पैसे द्यावे लागले का? त्यातून त्यांनी प्रत्येक संस्थेचे प्रगतिपुस्तक काढले, शाळेतल्या मुलाचे असते तसे, आणि 1999 व 2003 मध्ये तीच तपासणी पुन्हा केली. पहिल्या वेळी निकाल फार वाईट होते, तिसऱ्या वेळेपर्यंत बऱ्याच संस्थांचे बरेच सुधारले. मंगळवेढ्यासारख्या शहरात हे करायला मोठी संस्था लागत नाही. महाविद्यालयाची राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, एखादे महिला बचत गटांचे जाळे, आणि प्रभागामागे वीस घरे. घरे मात्र आपल्या ओळखीची निवडू नका. गल्लीच्या टोकापासून दर पाचवे घर घ्या. ज्या घराने दार लावले ते सोडून दिले, असे लिहा. दुसऱ्याचे उत्तर स्वतः भरू नका. या अहवालाचा कणा म्हणजे त्याचा प्रामाणिकपणा. तो मोडला तर पुढच्या वेळी तुम्हाला दारात कोणी उभे करणार नाही.

प्रश्न विचारताना घरातल्या बाईला विचारा. नळाची वेळ, दाब, गढूळ पाणी, घंटागाडी यांची खरी माहिती तिच्याकडे असते. पुरुष बहुधा सभेतली मते सांगतो.

एक प्रश्न स्वतःलाही विचारावा लागेल : घरपट्टी भरली का? बाकीदारांच्या यादीत आपले किंवा आपल्या नेत्याचे नाव आहे का? वसुली पडली की नगरपरिषद योजनांच्या निधीची वाट बघत बसते, आणि मग काय करायचे ते मंत्रालयात ठरते, मंगळवेढ्यात नाही. मागणी किती, वसुली किती, मोठी थकबाकी कोणाकडे, हे आकडेही मागा. तुमच्या प्रगतिपुस्तकात नगरपरिषदेबरोबर नागरिकांचाही एक रकाना असू द्या. तो नसेल तर नगरसेवक पहिल्याच बैठकीत तुम्हाला तेच ऐकवतील, आणि ते बरोबर असतील.

विकास आराखडाही विसरू नका. आराखड्यात बाग, शाळा, मैदान, रस्ता यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जागा नकाशावर रंगवलेल्या असतात. मंजुरीनंतर दहा वर्षांत ती जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही मुदतीत हालचाल झाली नाही तर आरक्षण सुटते. अशी सुटलेली जागा परत मिळत नाही. खड्डा पुढच्या वर्षी बुजवता येतो, गेलेले मैदान कायमचे जाते. म्हणून तुमच्या प्रभागातली आरक्षणे किती, ताब्यात किती आणि नोटीस आलेली किती, ही तीन आकड्यांची ओळ वहीत ठळक लिहा.

आता निकाल कसा मांडायचा. एकूण सत्तर टक्के, असा एकच आकडा काढायचा मोह होईल. तो टाळा. सरासरीत वाईट वस्ती लपते. प्रभागनिहाय मांडा, आणि प्रत्येक प्रभागात पाणी, गटार, कचरा, रस्ता, दिवा, शौचालय असे सुटे लिहा. जे चांगले झाले ते नाव घेऊन सांगा. एखादा पाणीपुरवठा कर्मचारी रात्री दोनला वाल्व उघडायला जातो, एखादी सफाई कामगार बाई यात्रेनंतरचा सगळा कचरा सकाळपर्यंत उचलते, ते अहवालात आले पाहिजे. मी हे गोड बोलण्यासाठी सांगत नाही. चांगले काम कोठे आणि का झाले हे कळल्याशिवाय वाईट ठिकाणी काय करायचे ते कळत नाही.

हा निकाल उमेदवाराच्या हातात प्रचारापुरता देऊ नका. आधी तो मुख्याधिकारी आणि नगराध्यक्षांना लेखी द्या, उत्तरासाठी महिनाभर द्या, त्यांचे म्हणणे अहवालात जोडा. काही आकडे चुकलेले निघतील, ते दुरुस्त करा. मग एखाद्या मंदिराच्या सभामंडपात किंवा शाळेच्या मैदानावर लोकांसमोर वाचा. कुठल्या पक्षाच्या फलकाखाली नको. अंदाजपत्रकाची सभा आर्थिक वर्षाअखेरीच्या आधी, साधारण फेब्रुवारीत होते. तुमचा अहवाल त्याआधी, डिसेंबर-जानेवारीत, तयार असेल तर त्यातले एखादे काम तरी पुढच्या वर्षाच्या तरतुदीत बसू शकते. मार्चनंतर दिलेला अहवाल वर्षभर पडून राहतो.

एकट्याने सुरुवात करणार असाल तर एकाच गल्लीपासून करा. शंभर पानी वही, टेप, पंधरा लिटरची बादली आणि फोटो काढता येईल असा फोन. पहिल्या पानावर आजची तारीख, नळ सुरू झाल्याची आणि बंद झाल्याची वेळ. दुसऱ्या पानावर गल्लीतल्या शेवटच्या नव्या कामाचे नाव आणि त्याच्यासमोर मोकळी जागा. सोमवारी दुपारी तीनला नगरपरिषदेत जाऊन दोषदायित्वाची तारीख त्या जागेत भरा.